बत्तिसावी घंटा

प्रिय दालिस,

तुझं पातेलं परत पाठवते आहे. आईने घासून लख्ख केलंय. आत फडक्यात गुंडाळलेल्या दोन वस्तू आहेत, त्या हे पत्र वाचून होईपर्यंत उघडायच्या नाहीत. तुझा स्वभाव मला पक्का ठाऊक आहे. वाढदिवसाच्या भेटीचा कागद तू आजवर कधी नीट सोडवला नाहीस, टराटरा फाडलासच. या वेळी मात्र हात आवर.

सांकोचो फार छान झालं होतं. तुझ्या आईने कोंबडी इतकी शिजवून आणि इतक्या वेळा गाळून पाठवली की सगळं सूप नळीतून सरळ वर आलं, कंदाचा एक कणसुद्धा अडकला नाही. सोळा दिवस मी नळीवर जगते आहे. वरचे दात आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकलेत, अजून चार आठवडे तसेच राहायचेत. त्यामुळे सूपवर खूश होऊन मी झाकण पुसायला घेतलं आणि झाकणाच्या आत चिकटवलेली तुझी चिठ्ठी हाती लागली. ‘ओदी, मला माफ कर. माझा हात जरा जास्तच जोरात लागला. गुरुवारी मंडळापुढे मी काही भांडणार नाही. तुझा मामा म्हणतो ते म्हणू दे.’

माफ कर? तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. तोंड उघडं असतं तर अशी ओरडले असते की बंदरावरच्या क्रेनवाल्यांनी काम थांबवलं असतं. पण तारा आहेत, म्हणून नुसती नाकातून फुसफुसले आणि टेबलावर थाड थाड हात आपटले. आईला वाटलं मला उलटी होतेय. ती तारा कापायची पक्कड घेऊन धावत आली. ती पक्कड डॉक्टरांनीच दिली आहे, उलटी झाली तर ताबडतोब तारा तोडायच्या म्हणून, आणि आईने ती फितीत ओवून गळ्यात घातली आहे, चर्चलाही तशीच जाते. मी पाटीवर लिहिलं, ‘उलटी नाही, राग.’ ती म्हणाली, “मग तार तोडायची गरज नाही.” आणि गेली परत स्वयंपाकघरात.

पण माझा राग काही उतरला नाही. बाई गं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मामाने बॉक्सिंग मंडळाकडे लेखी तक्रार केली आहे की ठोसा दगडासारखा बसावा म्हणून तुझ्या हातावरच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टर होतं. गुरुवारी ते खरं मानलं गेलं तर तुझा परवाना कायमचा जाईल. सहा महिने, वर्षभर नाही, कायमचा. शिवाय आपल्या कोलोन गावात म्हातारी होईपर्यंत ‘ती बघ, प्लास्टरवाली’ हे ऐकावं लागेल. आणि तू म्हणतेस भांडणार नाही! मागे एका लढतीत, आठव्या फेरीत दोन्ही डोळे सुजलेले असताना ज्या बाईने हार मानायचा टॉवेल टाकू दिला नव्हता ती ही, आता एका खोट्या कागदापुढे हात जोडून बसणार!

गल्लीत काय काय चाललंय ते तुझ्या कानावर येतच असेल. कोपऱ्यावर नारळाच्या वड्या विकणाऱ्या मिस रोझलिनने सोमवारी आईला सांगितलं, “पोरीच्या हातात प्लास्टर होतं म्हणे.” बुधवारी तीच मिस रोझलिन म्हणाली, “प्लास्टर कसलं, लोखंडी पट्टी होती, माझ्या भाच्याने डोळ्यांनी बघितली.” तिचा भाचा तेव्हा जहाजावर होता, गेले चार महिने तो जहाजावरच आहे! आई म्हणाली, “त्याची नजर फारच लांबची दिसते गं, रोझलिन.” तेव्हा कुठे बाईने वड्या मोजायला घेतल्या. पण आई किती जणांची तोंडं धरणार?

पट्ट्यांचंच बोलू. हातांना पट्ट्या बांधताना समोरच्या गटाचा एक माणूस उभा राहतो, बघतो, आणि चिकटपट्टीवर पेनने सही करतो. तुझ्या खोलीत आमचा रुफीनो होता. मामाचा उजवा हात. तो सहीशेजारी नेहमी एक कोंबडा काढतो, तुझ्या दोन्ही मनगटांवर मी तो कोंबडा रिंगमध्ये माझ्या डोळ्यांनी पाहिला, हातमोज्याच्या वर शेपूट डोकावत होती. आता रुफीनो म्हणतो, “मी मध्येच पाणी प्यायला बाहेर गेलो होतो.” अठरा वर्षांत रुफीनोला पाणी पिताना कुणी पाहिलंय का, दालिस? आंघोळीला तरी तो पाणी वापरतो की बिअर, देवाला ठाऊक.

आणि पट्ट्या गेल्या कुठे, तर म्हणे ‘तिने घाईघाईने पुरावा नष्ट केला’. हे मामा माझ्या बिछान्याशी बसून, माझ्या तोंडावर म्हणाला. मी तिथेच होते ना! चौथ्या फेरीत तुझा उजवा माझ्या डाव्या जबड्यावर बसला. तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. मला तो आतून आला, वाळकी फांदी मोडावी तसा. मी पडले नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगतो. पडले नाही खरी, पण दातांवर दात बसेनात, आणि ते माझ्या आधी तुझ्या लक्षात आलं. तूच पंचाकडे वळून हात हलवलास. तुला विजयी म्हणून हात वर करायला बोलावत होते तेव्हा तू अँब्युलन्समध्ये चढत होतीस. हातमोजे कुणीतरी ओढून काढले, पट्ट्या तशाच. नर्स म्हणाली जबडा हलू देऊ नका, म्हणून हॉस्पिटल येईपर्यंत तू दोन्ही तळव्यांत माझी हनुवटी धरून बसली होतीस. खड्डा आला की मला दुखायचं आणि ओरडायचीस तू. तिथे गेल्यावर नर्सने तुझ्या पट्ट्या कात्रीने कापल्या आणि टोपलीत टाकल्या, कारण त्या रक्ताने निथळत होत्या. माझ्या रक्ताने. हा तुझा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा! मला सोडून कपडे बदलायला गेली असतीस तर पट्ट्या आज मंडळाच्या टेबलावर असत्या, रुफीनोच्या कोंबड्यासकट.

मामाचा राग येतो आणि त्याच्यावर पूर्ण रागावताही येत नाही, म्हणून जास्तच येतो. बाबा जहाजावर गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून एवारिस्तो मामानेच मला वाढवलं, हे तुला सांगायला नको. आत्ताही रोज दुपारी जिममधून येतो, चिचेमे मिक्सरला लावतो, मक्याचा एक दाणा राहिला तरी पुन्हा गाळतो, नळी ओठांत धरून देतो. माझे केस विंचरतो, भांग वाकडा पाडतो. परवा नळी धरल्याधरल्या त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने दोष कांद्याला दिला. घरात कांदा नव्हता. असा माणूस उठून, हात धुऊन, तुझ्या नावाने खोटं लिहायला बसतो. मला कळत नाही त्याचं काय करावं.

खरं तर कळतं. मामाला तुझा राग नाही, त्याला भीती आहे. घंटेची.

आपण तेरा वर्षांच्या होतो, आठवतं? पहिल्याच दिवशी त्याने दोघींना भिंतीशी उभं केलं, “आ कर” म्हणाला आणि अंगठा सरळ तोंडात घातला. व्हॅसलिनचा वास, आणि वर त्याचं ते मोठ्याने मोजणं. “अठ्ठावीस. अजून चार यायच्यात. या मागच्या चार म्हणजे जबड्याचे चार खांब. खांब उभे राहिले की घर पडत नाही, काय?” तू माझ्याकडे बघून डोळे फिरवलेस. मला मात्र ते सगळं वेदवाक्य वाटलं. रोज सकाळी दोरीची गाठ मागच्या दातांत धरून वाळूची बादली उचलायची. आणि ज्याची शेवटची अक्कलदाढ हिरडी फोडून वर आली त्याच्यासाठी कालव्यातल्या जुन्या टगबोटीवरची ती पितळी घंटा बत्तीस वेळा वाजायची, भिंतीवर लाल रंगात नाव चढायचं, रम यायची, रुफीनो नाचायचा. जिंकलेल्या विजेतेपदांना आमच्या जिममध्ये काही किंमत नव्हती. किंमत होती त्या भिंतीला.

आणि मग तुझ्या दाढा उगवायच्या त्या आडव्याच निघाल्या. गाल टम्म फुगला, आणि तू कुणालाही न विचारता आठव्या गल्लीतल्या डॉक्टर चोंगबाईंकडे जाऊन चारही काढून आलीस. बाईंनी सांगितलं म्हणून पाच महिने रिंगमध्ये उतरली नाहीस. हाड भरायला वेळ लागतो, रिकाम्या खड्ड्यावर ठोसा खाल्ला तर दात असण्यापेक्षा वाईट, असं त्यांनी सांगितलेलं तू सगळ्या जिमला समजावत होतीस. परत आलीस त्या दिवशी मामाने सगळ्यांसमोर तुझ्या तोंडात अंगठा घातला आणि म्हणाला, “हिच्या तोंडात तर चार खिडक्या उघड्याच टाकल्यात! वारा आत शिरतोय बघा.” सगळे हसले. आणि कुणीतरी म्हणालं, “या, अठ्ठावीसबाई.” तेच तुझं नाव पडलं. महिनाभर ऐकलंस, मग सामान उचललंस आणि पलीकडच्या जिममध्ये गेलीस. मामा म्हणाला, “खांब काढलेली पोर, हिचा एक दिवस पत्त्यांचा बंगला होणार.” तुझा काही बंगला पडला नाही. पंधरा लढती झाल्या, जबड्याला ओरखडासुद्धा नाही.

बिछान्यात पडून माणूस काय करणार, मोजत बसतो. मी त्या भिंतीवरची नावं आठवून मोजली. अकरा. अकरातल्या चार जणांचा जबडा फुटला आहे, आणि चौघांचाही एकाच कोपऱ्यात, कानाखाली जिथे हाड वळतं तिथे. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! दर वेळी मामाकडे कारण तयार. एकाला म्हणे समोरच्याचं डोकं लागलं. दुसऱ्याला दोरी सैल होती म्हणून लागलं. तिसऱ्याने आदल्या दिवशी ढोसली होती. आणि चौथी मी, माझ्यासाठी तुझं प्लास्टर.

माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मामाला भिंतीवरच्या उजेडात फोटो दाखवला. म्हणाले, “ही दाढ हाडाच्या आत आडवी झोपली होती. जिथे हाड असायला हवं तिथे दात होता. खिडकी असलेली भिंत तिथूनच तडकते. तुमच्या पोरीला कुणी लोखंडाने मारलेलं नाही, साध्या ठोशाने झालंय.” त्यांनी हेही सांगितलं की प्रत्येकाची अक्कलदाढ उपटत सुटायचं असं मुळीच नाही, पण ही दाढ, अशी आडवी, दुखणारी, ठोसे खाणाऱ्या पोरीच्या तोंडात ठेवायची नव्हती, ऑपरेशनात ती त्यांनी काढूनच टाकली. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “डॉक्टर, तुम्ही फार शिकलेले. पण ठोसा खाल्लाय का कधी?” डॉक्टरांनी दिवा बंद करून फोटो पाकिटात घातला. मामाला वाटलं तो जिंकला. बाहेर आला आणि रुफीनोला म्हणाला, “वही आण, तक्रार लिहायचीय.” मी स्ट्रेचरवर होते, शुद्धीत होते, आणि मला नुसतं बघत राहावं लागलं. घंटा खोटी ठरण्यापेक्षा दालिस खोटी ठरलेली त्याला परवडते, असं आहे हे. याला काय म्हणायचं? माझ्याच घरच्या माणसाने, माझ्याच मोडक्या तोंडाच्या जोरावर!

हे सगळं मी फोनवर का लिहीत नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. दोन ओळी लिहिल्या की तू मध्येच ‘जाऊ दे गं’ पाठवशील, आणि मी थांबेन. मला थांबायचं नाहीये. कागदच हवा होता, माझ्या अक्षरातला, आणि खाली सही असलेला. का, ते सांगते. त्याआधी एवढं मात्र कबूल करते की इथवर मी मोठ्या तोऱ्यात दुसऱ्यांवर ओरडत आले.

‘कुणीतरी म्हणालं, अठ्ठावीसबाई,’ असं मी वर लिहिलं. ते कुणीतरी म्हणजे मी. तुला माहीत आहे की नाही ते मला आजवर कळलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. मामाच्या विनोदावर सगळे हसत होते, मला वाटलं त्याहून मोठं हसू मिळवावं, म्हणून मी मागून ओरडले. आणि मिळालं. तू वळून बघितलंस तेव्हा मी बुटाची लेस बांधायला वाकले होते. माझ्या बुटांना त्या दिवशी लेसच नव्हती, दालिस.

आणि जानेवारीत माझा गाल सुजला. बसथांब्यावर तू बघितलंस, मी टोपी खाली ओढली तरी बघितलंस. वेगळ्या जिमची होतीस, माझ्याशीच लढायची बोलणी चालली होती, तरी तूच डॉक्टर चोंगबाईंकडे माझा नंबर लावून दिलास. मी गेले, फेब्रुवारीत. त्यांनी एक्स-रे काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर त्यांनी लाल पेनाने गोल केलाय, बाजूला तारीख आहे, खाली लिहिलंय, ‘काढणे आवश्यक. त्यानंतर पाच महिने लढत नाही.’ “आत्ता काढलीस तर जुलैला लढू शकशील,” इतकं सरळ सांगितलं त्यांनी. वेळ होता! अगदी पुरेसा वेळ होता! मी “विचार करून सांगते” म्हटलं, घरी आले आणि एक्स-रे पोर्तोबेलोच्या काळ्या ख्रिस्ताच्या तसबिरीमागे लपवला. मग त्याच तसबिरीपुढे मेणबत्ती लावून दाढ सरळ कर म्हणून प्रार्थना केली. त्या देवाच्या पाठीला टेकूनच खरं ठेवलं होतं, त्याने तरी काय करावं?

कारण एकच. दाढ काढली असती तर माझ्यासाठी घंटा वाजली नसती. वरच्या दोन आणि खालची उजवी वर आल्या होत्या, एकतीस झाले होते, एकच राहिला होता. मला भिंत हवी होती. मला अठ्ठावीसबाई व्हायचं नव्हतं. ज्या नावाने मी तुला पळवलं तेच नाव माझ्या वाट्याला येईल या भीतीने मी जबडा फोडून घेतला, इतकी मी शहाणी.

लढतीच्या दहा दिवस आधी दाढेचं एक टोक हिरडीतून बाहेर आलं. मी मामापुढे आ केला. त्याचा अंगठा त्या टोकावर दाबला गेला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी मी हसले. त्याने मला उचलून गोल फिरवलं. बत्तीस घंटा झाल्या, मी एकेक मोजली. पण त्या सुजलेल्या हिरडीवर लढताना दातांवर घालायचं रबर बसेना. चावलं की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि रबराचा डाव्या बाजूचा मागचा तुकडा कापून टाकला. मामाला माहीत नाही, रुफीनोला माहीत नाही. लढतीच्या आधी अर्जात विचारतात ना, दात-जबड्याची तक्रार आहे का, तिथे मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली, छान वळणदार.

आता जे लिहायचं ते सोळा दिवस लिहिता येत नव्हतं. लढतीच्या आदल्या दिवशी, वजन करायला, आपण दोघी टॉवेल गुंडाळून रांगेत उभ्या होतो. फोटोवाल्यांसाठी एकमेकींकडे खुनशीपणे बघायचं होतं आणि तुला हसू आवरत नव्हतं. कानाशी येऊन तू हळूच विचारलंस, “ती दाढ काढलीस ना गं?” मी म्हटलं, “हो, फेब्रुवारीतच.” तुझे खांदे एकदम सैल झाले, मी पाहिलं. तू म्हणालीस, “देवा, सुटले! मग उद्या तुला मनापासून मारते.” आणि मनापासून मारलंस, कारण मी मनापासून खोटं बोलले होते. मी खरं सांगितलं असतं तर तू रिंगमध्ये उतरलीच नसतीस, किंवा उतरून उजवा हात आखडून लढली असतीस आणि हरली असतीस. हे तुला पक्कं माहीत आहे. तरीही तू मंडळापुढे हे सांगणार नाहीस, कारण सांगितलंस तर खोट्या अर्जासाठी माझा परवाना जाईल. म्हणून तू चिठ्ठीत ‘हात जोरात लागला’ असं लिहितेस! मला वाचवायला स्वतःच्या गळ्यात प्लास्टर अडकवून घेणार! मला दया नको आहे तुझी. तू दयाळू झालीस की मला तुझा सगळ्यात जास्त राग येतो.

तर आता फडकं सोड. एक्स-रे आहे, लाल गोल आहे, तारीख आहे. दुसरं माझं रबर, डावीकडून कापलेलं. सुरीचे दाते दिसतील. एक्स-रे तसबिरीमागून काढताना आईने मला पकडलं. मी पाटीवर सगळं लिहिलं, तीन वेळा पाटी पुसावी लागली. मामा तिचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे मला वाटलं ती हात धरेल. चौथ्यांदा पाटी तिनेच पुसली. मग म्हणाली, “पातेलं परत द्यायचंच आहे.” आणि झाकण शोधायला उठली.

गुरुवारी सकाळी मामा मला पनामा शहराच्या बसने घेऊन जाणार आहे. पांढरा झगा त्याने स्वतः इस्त्री करून ठेवलाय. “तुला काही करायचं नाही, बाळ,” म्हणतो, “पहिल्या रांगेत बसायचं, तोंड दिसलं की झालं.” मी जाणार आहे, त्याच्याच शेजारच्या सीटवर बसून जाणार आहे. पण तुझं नाव पुकारलं की मी पहिल्या रांगेतून उठून तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन, आणि तू हे पत्र वाचायचंस. मोठ्याने, ‘प्रिय दालिस’पासून. मी हे त्यासाठीच लिहिलंय. मला बोलता येत नाही, तेव्हा गुरुवारी तुझा आवाज मला उसना दे. भांडणार नाही म्हणतेस ना, नको भांडूस, नुसतं वाच. रुफीनोच्या पाण्याचं वाच, मामाच्या डोळ्यांतल्या पाण्याचंही वाच, त्यालाही कळू दे की मी ते पाहिलंय. घंटेचं वाच, भिंतीवरच्या चौघांचं वाच, म्हणजे पाचवं कुणी होणार नाही. माझा परवाना जाईल, घरी मामा किती दिवस बोलणार नाही ते ठाऊक नाही, नाव भिंतीवरून खरवडलं जाईल. जाऊ दे. ‘हो, फेब्रुवारीतच’ या ओळीपाशी तुझा आवाज अडकेल, मला माहीत आहे. तिथे थांब, पाणी पी, पण ती गाळून पुढे जाऊ नकोस. मी शेजारी उभी राहून प्रत्येक ओळीला मान हलवीन. तेवढं मला अजून जमतं.

तुझीच,
एकतीस दातांची ओदिलिया